रूट कॅनलनंतर दात ठिसूळ होतो की फक्त कमी उरतो?

नस काढली की दात आतून वाळतो, ठिसूळ होतो आणि मग एक दिवस तुटतो, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. रूट कॅनल झालेले दात तुटतात हे खरंच आहे, पण कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. दाताचा मालच खराब होणं वेगळं, आणि माल चांगलाय पण उरलाच थोडा, हे वेगळं. दोन्हीत शेवटी दात तुटतो म्हणून लोक एकच धरून चालतात, पण दोन्ही मोजायची पद्धत वेगळी आहे आणि उपायही वेगळा.

आधी मालाचं बघू. १९९२ मध्ये सेजली आणि मेसर या संशोधकांनी दातांच्या २३ जोड्या तपासल्या, एकाच तोंडातला एका बाजूचा रूट कॅनल झालेला दात आणि दुसऱ्या बाजूचा तसाच जिवंत दात. मजबुतीत म्हणावा असा फरक सापडलाच नाही, जिवंत दाताचं डेंटिन, म्हणजे वरच्या कडक आवरणाखालचा दाताचा मुख्य भाग, फक्त साडेतीन टक्के जास्त कडक निघालं. वाळण्याचंही तसंच, १९९४ च्या एका मोजणीत जिवंत दातांत ओलावा १२.३५ टक्के आणि रूट कॅनलवाल्यांत १२.१०, म्हणजे जवळपास सारखाच. आता कॅनल, म्हणजे मुळातली नसेची नळी, धुवायला जे हायपोक्लोराइट वापरतात ते डेंटिनमधलं कोलॅजन हे प्रथिन खातं आणि ईडीटीए हे दुसरं रसायन कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे कॅनलच्या आतल्या कडेला थोडा परिणाम होतोच, तो नाकारायचं कारण नाही. पण सगळा दोष त्यावर टाकता येत नाही.

खरी गोष्ट आहे ती किती उरलं याची. १९८९ मध्ये री, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर स्ट्रेन गेज, म्हणजे किंचितसं वाकणंही टिपणारी पट्टी, चिकटवून, प्रत्येक टप्प्यानंतर दाब देऊन दात किती वाकतो ते मोजलं. रूट कॅनलसाठी पाडलेल्या भोकामुळे ताठपणा फक्त ५ टक्क्यांनी कमी झाला, चावायच्या पृष्ठभागावरच्या साध्या खड्ड्याने २० टक्क्यांनी, आणि पुढची मागची दोन्ही कडा फोडून आरपार खड्डा केला की तब्बल ६३ टक्क्यांनी! म्हणजे दाताची खरी वाट लावते ती कीड आणि मोठाली फिलिंगं, आणि बोल मात्र रूट कॅनलला लागतो कारण ते सगळ्यात शेवटी होतं.

उरलेला दात मोजायला अभ्यासात आता काढलेल्या दातांवर मायक्रो सीटी, म्हणजे अगदी बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, वापरतात, कॅनल घासायची फाईल घालायच्या आधी एक स्कॅन, नंतर एक, दोन्ही एकमेकांवर ठेवायचे की किती डेंटिन गेलं आणि भिंत कुठे किती जाड उरली ते दिसतं. यात एक गोम आहे, नुसता एकूण आकडा बघून चालत नाही. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळाची जी बाजू दोन मुळांच्या बेचक्याकडे असते तिथे भिंत मुळातच पातळ असते, तिथे जरा जास्त घासलं गेलं तर एकूण टक्केवारीत काहीच दिसणार नाही पण मूळ मात्र तिथेच कच्चं राहतं. दाताच्या मानेजवळच्या, म्हणजे हाडाच्या काठाच्या थोडं वर आणि थोडं खाली असलेल्या डेंटिनचंही असंच आहे, ते गेलं की परत काही केल्या येत नाही. म्हणून मला वाटतं की अशा अभ्यासात सरासरीपेक्षा सगळ्यात पातळ जागेचा आकडा बघावा.

दात वाळून ठिसूळ झाला असता तर कॅप घालून तरी काय झालं असतं? पण प्रश्न भिंती वाकण्याचा आहे, आणि कॅप उंचवटे झाकून भिंती एकत्र धरते, त्यामुळे दाढांना ती बहुतेक वेळा लागतेच. पुढच्या दाताला मागून बारीकसं भोक पाडलंय आणि बाकी दात शाबूत आहे तर बऱ्याचदा साधं फिलिंगही पुरतं. कॅप बसवायच्या आधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की कॅपच्या आत, तिच्या कडेपासून चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा स्वतःचा दात उरलाय का, कारण कॅपला पकड तिथूनच मिळते.