फाइल पाठवताय? आधी नावातली स्पेस काढा

आमच्याकडे वेबसाइटवर टाकायला जे रेट कार्ड, कॅटलॉग, फोटो येतात त्यांची नावं बहुतेक वेळा 'नवीन रेट कार्ड फायनल 2' अशी असतात. तुमच्या कॉम्प्युटरवर ते मस्त चालतं, विंडोज 95 आल्यापासून म्हणजे 1995 पासून अशी लांबलचक स्पेसवाली नावं चालतातच, त्याआधी डॉसमध्ये आठ अक्षरं आणि टिंबापुढे तीन एवढ्यात भागवावं लागायचं. पण आमचा सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) आहे आणि तिथे जरा वेगळं आहे.

लिनक्सला स्पेस चालत नाही असं नाही हं, फाइल बिनधास्त सेव्ह होते. लफडं होतं ते कमांड देताना, म्हणजे माऊसऐवजी हुकूम टाइप करून काम करताना, कारण तिथे स्पेस म्हणजे एक नाव संपलं, दुसरं सुरू. 'मार्च बिलं' नावाची फाइल कॉपी करायची आणि अवतरणचिन्ह घालायचं राहिलं तर तो 'मार्च' आणि 'बिलं' अशा दोन फाइली शोधत बसतो, सापडल्या नाहीत की एरर देतो, इथवर ठीक. पण काम डिलीटचं असेल आणि तिथे 'मार्च' नावाची वेगळी फाइल खरंच असेल तर तीच उडते, आणि कमांडने उडालेली फाइल रिसायकल बिनमध्ये वगैरे जात नाही.

तुम्हाला जास्त जाणवेल ती गोष्ट म्हणजे लिंक. वेब अ‍ॅड्रेसमध्ये स्पेस लिहिताच येत नाही, म्हणून ब्राउझर तिच्या जागी %20 टाकतो. तुम्ही मात्र लिंक हाताने टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की पहिल्या स्पेसपर्यंतच निळी होते, पुढचं नुसतं अक्षर, आणि गिऱ्हाईक दाबतं तर पान सापडत नाही. मग फोन तुम्हाला, तुमचा आम्हाला.

म्हणून स्पेसच्या जागी हायफन द्या, रेट-कार्ड-2025-04 असं. अंडरस्कोरही (_) चालतो पण लिंकखाली रेघ आली की तो दिसत नाही, त्यामुळे आमचं मत हायफनलाच. इंग्रजी नाव असेल तर सगळं स्मॉलमध्ये ठेवा, विंडोजला कॅपिटल-स्मॉल एकच, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. नावाच्या शेवटी चुकून स्पेस राहिली तर तीही काढा, मॅकवरून आलेली अशी फाइल विंडोजवर कधीकधी उघडतच नाही. मराठी नाव चालेल पण आटोपशीर, कारण लिनक्सवर नावाला 255 बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट खातं.

ढीगभर फाइली असतील तर विंडोजमध्ये सगळ्या सिलेक्ट करून एफ2 दाबू नका, त्याने नावापुढे स्पेस आणि कंसात नंबर येतो, म्हणजे परत तेच! मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं, त्यातल्या पॉवररीनेमने सगळ्या स्पेस एका झटक्यात बदलतात. मॅकवाल्यांना फाइंडरच्या रीनेममध्येच ही सोय आहे.

फक्त एक सांभाळा, ज्या एक्सेल शीटला दुसरी शीट जोडलेली आहे किंवा ज्या डिझाइनमध्ये बाहेरचे फोटो लिंक केलेत तिथे नावं बदलली की जोडणी तुटते. असा फोल्डर आहे तसा झिप करा आणि हायफन फक्त झिपच्या नावात घाला. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही आतलं एकही नाव बदलत नाही.