नेटवर्क ॲड्रेस आणि ब्रॉडकास्ट ॲड्रेस: ६४ कुणाचा, १२७ कुणाचा?

फोंड्याला मावसभावाच्या होमस्टेत कॅमेरे बसवत होतो. पाहुण्यांचं वायफाय वेगळं राहावं म्हणून १९२.१६८.१०.० या नेटवर्कचे /२६ ने (३२ बिटांच्या पत्त्यातले पहिले २६ बिट तुकड्याचे) चार तुकडे केले. कॅमेऱ्यांना दुसरा तुकडा, म्हणजे पत्त्याचा शेवटचा आकडा ६४ ते १२७. भावाने लॅपटॉपला ६४ दिला, तर विंडोज म्हणे, होस्टच्या (म्हणजे यंत्राच्या) भागातले सगळे बिट शून्य आहेत. "चौसष्टपासून सुरू होतं म्हणून तूच सांगितलंस मरे!"

सांगितलं होतं खरं. तुकडा ६४ पासून सुरू होतो, यंत्रं ६५ पासून.

पत्त्यात तुकडा कुठे संपतो आणि होस्ट कुठे सुरू होतो ते मास्क सांगतो. इथे मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणजे शेवटचे सहा बिट होस्टचे. ६४ बायनरीत ०१००००००. पुढचं ०१ हा तुकडा, मागचे सहाही शून्य. हा नेटवर्क ॲड्रेस, वाड्याच्या वेशीवरची पाटी. राऊटरच्या रूटिंग टेबलात (वाटांच्या यादीत) तुकड्याची ओळख याच आकड्याने असते. पाटीवर कोण राहतं?

१२७ म्हणजे ०१११११११, सहाही बिट एक. ही दवंडी. इथे टाकलेलं पॅकेट त्या तुकड्यातल्या प्रत्येक यंत्राला ऐकू जातं. बाहेरून कुणी दवंडी पिटून गोंधळ घालू नये म्हणून १९९९ पासून राऊटरने अशी पॅकेटं आपणहून पुढे पाठवू नयेत असा नियम आहे. भावाने एका कॅमेऱ्याला १२७ दिलाच. कॅमेऱ्याने मुकाट्याने घेतला आणि मग तो कुठेच दिसेना. मला विचाराल तर विंडोजची कुरकुर परवडली.

जोडावर जास्त फसायला होतं. १२७ ही दुसऱ्या तुकड्याची दवंडी आणि लगेचचा १२८ ही तिसऱ्याची पाटी, म्हणून १२६ नंतर थेट १२९. दर तुकड्यात ६२ यंत्रं, चारांत मिळून २४८. न तोडता २५४ मावली असती.

क्लासमध्ये "० आणि २५५ वापरायचे नाहीत" एवढंच घोकून घेतात. ते /२४ पुरतं ठीक. १०.०.०.०/२३ मध्ये १०.०.०.२५५ आणि १०.०.१.० हे दोन्ही साधे होस्ट आहेत, बिनधास्त द्या. आकडा बघून काही कळत नाही, मास्क बघावा लागतो. दोन राऊटरमधल्या /३१ ला तर पाटीही नाही, दवंडीही नाही. दोन्ही आकडे वापरतात.

शेवटी गेटवेला (तुकड्यातून बाहेर नेणाऱ्या राऊटरला) ६५, रेकॉर्डरला ६६ आणि हरवलेल्या कॅमेऱ्याला १२६ दिला. तो आता माडाखालच्या स्कूटरवर नजर ठेवून आहे.