वडिलांच्या खाटेवर बसून

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाण्यांतून सासरचं बोलतात. एरवी तोंडातून निघत नाही ते गाण्यात चालतं, हे खान्देशाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सायकोड्रामा, म्हणजे मनोनाट्य, या मानसोपचाराच्या पद्धतीत गाणंही ठरलेलं नसतं. आपली गोष्ट आपणच गटासमोर उभी करायची.

ही पद्धत याकोब मोरेनो या डॉक्टरची. जन्म १८८९, बुखारेस्ट. व्हिएन्नात त्याने संहितेविना, जागच्या जागी सुचेल तसं नाटक करणारी मंडळी जमवली. १९२५ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बीकन इथे त्याने मनोरुग्णालय काढलं. तिथे उपचारांसाठी रंगमंचही होता.

समजा, रावेरकडचा एक तरुण आहे. वादळात केळीचा बाग आडवा झाला. त्याने वडिलांना न सांगता सावकाराकडून पैसे उचलले, आणि त्यावर बोलणं व्हायच्या आत वडील गेले. गटात आठ-दहा जण. आधी हातपाय मोकळे करणं, थोड्या गप्पा. मग दिग्दर्शक, म्हणजे प्रशिक्षित उपचारक, त्याला घरची ओसरी मांडायला सांगतो. खाट कुठे असायची? वडील कुठे टेकून बसायचे? गटातला एक जण वडील होतो. तरुण खाली बघत बोलतो, अडखळतो. मागे उभा राहिलेला दुसरा एक जण त्याच्या मनातलं बोलून दाखवतो, "मला तुमची भीती वाटायची." पटलं तर तरुण तेच स्वतः म्हणतो, नाही पटलं तर खोडून काढतो.

मग जागांची अदलाबदल. तरुण वडिलांसारखा पाय दुमडून खाटेवर बसतो, आणि इतका वेळ मराठीत बोलणारा तो एकदम अहिराणीवर येतो, "तू माले इचारं का नही?"

या पद्धतीचा सगळा जीव मला या अदलाबदलीत दिसतो. स्वतःच्या जागेवरून त्याला फक्त आपला गुन्हा दिसत होता. वडिलांच्या जागेवर बसल्यावर त्या रागाखालची काळजी त्याला स्वतःच्याच तोंडून ऐकू येते.

शेवटी सगळे गोल बसतात. इथे सल्ला द्यायला सक्त मनाई. "तू असं करायला हवं होतंस" कुणी म्हणायचं नाही. आपल्या आयुष्यातलं काय आठवलं तेवढंच सांगायचं. उघडा पडलेला माणूस त्यामुळे एकटा राहत नाही. हा भाग घाईत उरकणाऱ्या गटात मी तरी कुणाला पाठवणार नाही.

या पद्धतीवरचे बरेच अभ्यास लहान गटांवरचे आहेत, म्हणून तिला रामबाण म्हणता येत नाही. भास होत असलेल्या किंवा नुकताच मोठा आघात झालेल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय यात उतरवू नये. जीव द्यायचे विचार येत असतील तर गटाची वाट न पाहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. गटात जायचंच असेल तर आधी विचारून घ्या: दिग्दर्शकाचं प्रशिक्षण कुठलं, आणि मध्येच "नको" म्हटलं तर थांबता येतं का?