एका पानाचा अर्ज, सहा एमबीचं ओझं

शेजारच्या काकांना एका सरकारी कार्यालयात द्यायचा अर्ज मोबाइलवर उतरवून हवा होता. अर्ज एकच पानाचा, फाइल मात्र सहा एमबीची. उघडली तर पान जरासं तिरकं, कोपऱ्यात स्टेपलच्या पिनेची सावली. म्हणजे कुणीतरी संगणकावर टाइप केलेला अर्ज आधी छापला, मग स्कॅन केला आणि तो फोटो पीडीएफ म्हणून वेबसाइटवर चढवला.

यात काय वाया जातं ते मोजता येतं. ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत स्कॅनमध्ये दर ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे २६ एमबी. ते दाबून दाबून सहावर येतं. तोच मजकूर अक्षरं म्हणून ठेवला तर? युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या पद्धतीच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. दोन हजार चिन्हांचा अर्ज सहा केबीत बसतो. सोबत फॉन्ट जोडला तरी फाइल एमबीच्या घरात जायचं कारण नाही.

स्कॅन करणाऱ्याला मी एकदम दोष देणार नाही. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. फोटोत ती भानगड नाही. खरं तर १९९३ साली आलेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलीतच जोडून देता येतो, पण एकदा पडलेली सवय सुटत नाही.

टाइप केलेल्या पीडीएफमध्येही एक मराठी गोम आहेच. ‘शिधापत्रिका’ लिहा. युनिकोडमध्ये आधी श, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी शच्या डावीकडे. पीडीएफ मुळात कुठला आकार पानावर कुठे काढायचा एवढंच टिपून ठेवते, आणि कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता सोबत असावा लागतो. तो नसला किंवा चुकला, तर डोळ्यांना शब्द दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही. अंध व्यक्तीला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही तिथेच अडखळतो. स्कॅनमध्ये तर त्याला वाचायला काहीच नसतं.

काकांचा अर्ज खिडकीवरून परत आला: ‘हा नमुना जुना आहे.’ वेबसाइटवर नवा चढला होता, त्याच नावाने. मीच दिवाळीत दुसऱ्या कुणासाठी तो अर्ज उघडला होता, आणि ब्राउझरने जपून ठेवलेली प्रत मला पुन्हा दाखवली. फाइल किती दिवस ताजी समजायची हे सर्व्हरने, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाने, सांगायचं असतं. सांगितलं नाही तर ब्राउझर अंदाज बांधतो, आणि रूढ ठोकताळा असा: शेवटच्या बदलाला जितका काळ झाला, त्याचा दहावा हिस्सा. तीन वर्षं न बदललेला अर्ज त्यामुळे साडेतीन महिने ताजा धरला जातो. जितका जुना, तितका भरवशाचा! ‘दर वेळी मला विचार’ एवढी सूचना सर्व्हरवर दिली असती, तर ब्राउझरने दोन ओळींत चौकशी केली असती आणि बदल नसल्यास ‘३०४’, म्हणजे ‘बदल नाही’, एवढंच उत्तर आलं असतं. फाइलच्या नावात तारीख घातली तरी भागतं.

जुनी प्रत पुसून नवा नमुना उतरवला. एक रकाना वाढलाय. स्टेपलची सावली आता उजव्या कोपऱ्यात आहे.