घशाचा स्वॅब देण्याआधी मनातली शंका आम्हाला सांगा

दोन-तीन आठवडे घसा दुखतो आहे, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी फरक पडलेला नाही आणि मध्यंतरी आलेल्या एखाद्या संबंधामुळे गुप्तरोगाची भीती मनात बसली आहे, अशा अवस्थेत आमच्या प्रयोगशाळेत अनेक ग्राहक येतात. त्यांतले बहुतेक जण काउंटरवर ‘घशाचा स्वॅब करायचा आहे’ एवढेच सांगतात आणि खरी शंका मनातच ठेवतात. त्यामुळे त्यांचा वेळ व पैसा दोन्ही वाया जातात, म्हणून हे पत्रक छापले आहे.

घशाचे नेहमीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, आम्ही रक्त अगारच्या, म्हणजे रक्त मिसळलेल्या पोषक जेलीच्या, प्लेटवर लावतो आणि त्यात मुख्यतः टॉन्सिलला सूज आणणारा स्ट्रेप्टोकोकस शोधतो. परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, जंतू या पद्धतीत सहसा सापडतच नाही. त्याच्यासाठी चॉकलेट अगारवर (तापवलेल्या रक्तामुळे चॉकलेटी दिसणाऱ्या जेलीवर) आधारलेले आणि इतर जंतूंना रोखणारी औषधे घातलेले वेगळे माध्यम लागते, ५ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असलेली हवा लागते आणि प्लेट ७२ तासांपर्यंत पाहावी लागते. शिवाय निरोगी माणसाच्या घशातही याच कुळातले निरुपद्रवी जंतू राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते अगदी सारखे दिसतात, त्यामुळे नुसती काच पाहून घशातल्या परम्याचे निदान करता येत नाही. म्हणूनच शंका न सांगता दिलेल्या स्वॅबचा रिपोर्ट ‘नॉर्मल फ्लोरा’, म्हणजे घशात नेहमी राहणारेच जंतू, असा आला, तर तो रिपोर्ट खरा असतो, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

मागच्या पावसाळ्यात एक तरुण आमच्याकडे आला, तेव्हा सहा आठवड्यांत दोन ठिकाणी केलेली दोन कल्चर त्याच्या हातात होती आणि दोन्हींवर हेच शब्द होते. तिसरे कल्चर करा, असे तो म्हणत होता. आमच्या तंत्रज्ञांनी त्याला आतल्या खोलीत बसवून शांतपणे विचारले, तेव्हा मुखमैथुनानंतर आपल्याला काहीतरी लागले असावे, ही धास्ती त्याने पहिल्यांदा बोलून दाखवली. आम्ही कल्चरऐवजी घशाच्या स्वॅबची पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी सुचवली. ती निगेटिव्ह आली, आणि पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासल्यावर रात्री उशिराच्या जेवणाने पोटातले आम्ल घशापर्यंत चढत असल्याचे निष्पन्न झाले. पहिल्याच दिवशी त्याने शंका सांगितली असती, तर ते सहा आठवडे त्याला असे काढावे लागले नसते.

काउंटरवर आम्ही फार चौकशी करतो, अशी तक्रार काही ग्राहक करतात. त्यांची अडचण आम्हाला समजते. पण कोणता नमुना घ्यायचा, तो कशात ठेवायचा आणि त्यावर कोणती चाचणी लावायची, हे त्या एका उत्तरावर ठरते, म्हणून हा प्रश्न आम्ही सोडणार नाही. तो चारचौघांत विचारला जात नाही. कागदावर नुसते ‘खासगी’ असे लिहून दिलेत तरी तुम्हाला आत बोलावले जाईल. तिथे संबंध कधी आला आणि तोंडाचा संपर्क आला होता का, एवढेच विचारले जाते. जोडीदार कोण, लग्न झाले आहे का, हे आम्ही विचारत नाही. रिपोर्टच्या पाकिटावर नावाऐवजी क्रमांक असतो आणि तो क्रमांक दाखवणाऱ्यालाच पाकीट मिळते. एचआयव्हीच्या चाचणीसाठी संमती आणि निकालाची गोपनीयता २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे, आणि इतर लैंगिक आजारांच्या चाचण्यांनाही आम्ही तोच नियम लावतो.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो. घशातला परमा बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, तर घसा दुखण्यामागे बहुधा साधा विषाणू, ॲलर्जी, नाकातून मागे उतरणारा कफ, आम्लपित्त, धूळ, धूम्रपान किंवा दिवसभर बोलण्याचा ताण असतो. म्हणजे घसा दुखतो म्हणून लैंगिक आजार झाला, असे ठरत नाही आणि दुखत नाही म्हणून झाला नाही, असेही ठरत नाही. ही चाचणी करायची की नाही, हे दुखण्यावरून न ठरवता घडलेल्या संबंधावरून ठरवावे. ज्यांच्या बाबतीत तसा संबंधच आलेला नाही, त्यांना आम्ही या चाचणीची गरज नसल्याचे स्पष्ट सांगतो. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्यांचा घसा तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, आवाज बसला असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर त्यांनी आमच्याकडे येण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

‘रक्तातून सगळेच कळेल, मोठे पॅकेज करा’ असा आग्रहही नेहमी होतो. घशातला परमा रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, त्यासाठी घशाचाच स्वॅब लागतो. गरमीचे, म्हणजे सिफिलिसचे, निदान रक्तातून होते, पण ओठावर, जिभेवर किंवा टॉन्सिलवर न दुखणारी जखम साधारण तीन आठवड्यांनी उठते आणि अगदी सुरुवातीला व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी आणि अंगावर पुरळ येऊ शकते. मात्र मुखमैथुनातून एचआयव्ही लागण्याची शक्यता फारच कमी असते आणि चुंबनाने किंवा उष्ट्याने तो लागत नाही. शिरेतून घेतलेल्या रक्तावरची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी) चाचणी संबंधानंतर ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली, तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. चौथ्या दिवशी केलेल्या चाचणीने केवळ पैसे जातात. जोखमीचा संबंध नुकताच आला असेल, तर चाचणीसाठी थांबू नका, ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा, कारण प्रतिबंधक औषधे तेवढ्याच काळात सुरू करता येतात. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन सरकारी केंद्रांत मोफत मिळते आणि १०९७ या क्रमांकावर माहितीही मिळते. खर्चाची अडचण असलेल्यांनी तिकडे जाण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

स्वॅब घेताना जीभ लाकडी पट्टीने दाबून, प्रकाश टाकून, दोन्ही टॉन्सिल आणि त्यामागची भिंत काडीने घासली जाते. उबळ येते, पण काम काही सेकंदांत संपते. काडी जिभेला किंवा गालाला लागली, तर आम्ही ती टाकून नवी घेतो, म्हणून दुसऱ्यांदा तोंड उघडायला सांगितले तर कृपया रागावू नका. परम्याच्या कल्चरसाठी आम्ही घरी येऊन नमुना घेत नाही, कारण हा जंतू थंडीत आणि कोरडेपणात लवकर मरतो आणि प्लेटवर तो ताबडतोब लावावा लागतो. पीसीआरचा नमुना मात्र घरूनही घेता येतो. निकाल पॉझिटिव्ह आला, तर औषध डॉक्टरांनीच ठरवायचे असते. घशातला परमा जननेंद्रियातल्या परम्यापेक्षा हटवायला कठीण असतो, म्हणून उपचारानंतर साधारण दोन आठवड्यांनी घशाची तपासणी पुन्हा करतात. जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार होणे गरजेचे असते.

येण्याच्या दिवशी सकाळी औषधी गुळण्या करू नका, दोन तास काही खाऊ नका आणि आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत आणा. अँटिबायोटिकचा डोस नुकताच झाला असेल, तर कल्चर खोटे निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी किती दिवस थांबायचे, हे पाकिटे पाहून आम्ही सांगू. कल्चरचे नमुने सोमवार ते बुधवार सकाळी ८ ते ११ या वेळेतच घेतले जातात, कारण ७२ तासांच्या आत रविवार आला, तर प्लेट पाहायला कोणी नसते.