अलास्कात राहायला गेलं की सरकार पैसे देतं? अर्धवट खरंय

दर दोन-चार महिन्यांनी तो फॉरवर्ड येतोच, की अलास्कात शिफ्ट व्हा, सरकार घरबसल्या पैसे देतं. तर ऐका. तेलाच्या कमाईतला हिस्सा बाजूला ठेवायला १९७६ साली तिथे एक फंड काढला, आणि १९८२ पासून त्याच्या नफ्यातला वाटा दरवर्षी रहिवाशांना मिळतो, पण त्यासाठी आधी अख्खं कॅलेंडर वर्ष तिथे काढावं लागतं आणि पुढेही तिथेच राहायचा इरादा लागतो, उतरल्या उतरल्या चेक वगैरे काही नाही. २०२४ ला माणशी १,७०२ डॉलर मिळाले, २०२५ ला फक्त १,०००. वर्षाचे हां, महिन्याचे नाही! लांबच्या कितीतरी गावांना रस्ताच नाही, दूध-भाजी विमानाने येते, वर थंडीत घर गरम ठेवायचं तेल, त्यात हे पैसे कधीच उडून जातात.

आणि एवढं फुकट असतं तर २०१३ पासून सलग दहा-बारा वर्षं येणाऱ्यांपेक्षा सोडून जाणारेच जास्त कसे? नोकरी, घरभाडं, म्हातारे आईवडील दुसऱ्या राज्यात, कारणं आपल्यासारखीच. राहतात ते मासेमारी, शिकार, मोकळं रान आवडतं म्हणून. युपिक, इनुपियाक लोक तर मुळातलेच तिथले, त्यांना कोण बोलवणार पैसे देऊन?