मीटर गप्प, म्हणून डायॅक गेला?

कोल्हापुरात राजारामपुरी असो वा शाहूपुरी, पंख्याचा जुना रेग्युलेटर दुरुस्तीला आला की आतला जेमतेम चार मिलिमीटरचा काचेचा डायॅक (ठरावीक व्होल्टेज गाठल्यावरच दोन्ही दिशांनी प्रवाह सोडणारा भाग) मल्टीमीटरला लावला जातो. “दोन्हीकडनं ओपन दाखवतंय, गेलंय हे,” असा निकाल लागतो आणि चांगला डायॅक कचऱ्यात जातो. खरं तर मीटरच्या डायोड-चाचणीत असतात दोन-तीन व्होल्ट. ‘डीबी३’ जातीच्या डायॅकला चालू व्हायला साधारण ३२ लागतात (२८ ते ३६ पर्यंत चालतं). मीटरवर कळतं ते इतकंच, की बीप आली तर तो शॉर्ट आहे.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे ठरावीक पातळीला आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की मिटतात. डायॅकही तसाच, पण इथे दार उघडताच वाट आणखी रुंदावते. प्रवाह वाढतो तसा डायॅकवरचा व्होल्टेज चक्क घसरतो. मोजायची आहे ती हीच घसरण.

कॉलेजच्या लॅबमधला ०-३० व्होल्टचा दुहेरी सप्लाय घ्या, दोन्ही बाजू सीरिजमध्ये जोडून ६० व्होल्ट करा. त्यातून १०० किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चार्ज होऊ द्या. कपॅसिटरला समांतर डायॅक, आणि डायॅकच्या सीरिजमध्ये २२ ओहमचा छोटा रेझिस्टर. कपॅसिटरवर सीआरओचा (ऑसिलोस्कोपचा) प्रोब लावला की पडद्यावर करवतीचे दाते उमटतात. व्होल्टेज काही मिलिसेकंद चढत जातो, मग एकदम कोसळतो. दात्याचं टोक म्हणजे ब्रेकओव्हर व्होल्टेज, म्हणजे डायॅक ज्या व्होल्टेजला चालू होतो ते. टोकापासून तळापर्यंतची उंची म्हणजे घसरण, ती पाच व्होल्टपेक्षा कमी नको. २२ ओहमवर दुसरा चॅनेल लावलात तर प्रवाहाचा टोकदार ठोका दिसतो. तो एक-दोन मायक्रोसेकंदांत उठतो, म्हणून टाइमबेस (पडद्यावरचं वेळेचं माप) बराच ताणावा लागतो.

१०० किलोओहमचा रेझिस्टर मात्र हवा तसा बदलता येत नाही. फार लहान घेतला तर डायॅक एकदा चालू झाला की बंदच होत नाही, दाते गायब. फार मोठा घेतला तर गळतीतच प्रवाह संपतो आणि ३२ व्होल्ट गाठलेच जात नाहीत.

सीआरओ नसेल तर कपॅसिटरवर मीटर ठेवून सप्लाय अगदी हळू वाढवा. आकडा चढता चढता अचानक खाली येऊन डळमळू लागतो. त्याआधीचा सर्वांत मोठा आकडा लिहून घ्या. दाते सुरू झाल्यावर मीटर सरासरी दाखवतं, त्यावर भिस्त नको.

आता डायॅक उलटा लावून पुन्हा मोजा. ही पायरी हमखास गाळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत कामाची. दोन्ही दिशांच्या व्होल्टेजमधला फरक तीन व्होल्टच्या आत हवा. तो जास्त असेल तर ट्रायॅक (डायॅकच्या ठोक्यावर पंख्याला वीज सोडणारा स्विच) एसीच्या दोन अर्ध्या लाटांत वेगवेगळ्या वेळी पेटतो, मोटरला थोडा डीसी मिळतो, आणि पंखा गुणगुणत तापतो. एकाच दिशेनं मोजून ‘ठीक’ ठरलेला रेग्युलेटर यामुळेच कधी कधी परत दुकानात येतो.

हे सगळं सुट्या डायॅकवर करायचं. भिंतीतल्या चालू रेग्युलेटरवर सीआरओचा प्रोब लावू नका. त्याची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, फेजला टेकली तर थेट शॉर्ट.